चातुर्मासात आलेली बिनखुनाची कादंबरी

आमच्या जैन घरात पाणी गाळून पितात. कांदा, बटाटा, लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही आणि जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात. भाजी निवडताना अळी निघाली तर सासूबाई ती पानासकट उचलायच्या, मागच्या परड्यात नेऊन सोडायच्या आणि वर तिलाच दटावायच्या, "जा आता, पुन्यांदा हिकडं येऊ नकोस." आणि ह्याच सासूबाई दुपारी मागचं आवरून झालं की पलंगावर पाय लांब करून बसायच्या, चष्मा नाकावर घ्यायच्या आणि स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या. वाचताना ओठ हलायचे, भुवया वर जायच्या, मध्येच एखाद्याला "मेल्या!" म्हणून शिवी हासडायच्या. त्या वेळी दारात कुणीही येऊ दे, उठायच्या नाहीत.

मी साताऱ्याची. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. लग्न होऊन सांगलीजवळच्या ह्या गावात आले, ऊस-हळदीच्या घरात. येताना बॅगेत साड्यांच्या तळाशी एक रहस्यकादंबरी दडवून आणली होती. अर्धी झाली होती आणि खुनी कोण ते कळल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं, लग्न असलं म्हणून काय झालं? तिसऱ्या दिवशी चुलतसासवा माझ्या साड्या बघायला बसल्या. एकेक साडी निघता निघता ते पुस्तक बाहेर आलं. कव्हरवर रक्ताळलेला सुरा, एवढा मोठा. म्हटलं, झालं, आता साताऱ्याला फोन जाणार. सासूबाईंनी पुस्तक उचललं, पदराखाली घातलं आणि "ही पैठणी बघा" म्हणून विषयच बदलला. पाहुण्या गेल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे कवा आलं गं? मला कसं न्हाई मिळालं?"

तिथून आमचं जमलं. खोटं कशाला सांगू, बाकी कशात फारसं जमलं नाही. मी फटकळ, त्या टोचून बोलणाऱ्या. माझी भाकरी त्यांना पापड वाटायची, त्यांची मला गोवरी. पण त्या सुऱ्यावाल्या पुस्तकाच्या लेखकावर दोघींचा जीव. त्याचं नाव आम्ही कधी घेतलंच नाही. आमच्या घरात तो 'आमचा खुनी'. "सांगलीला चाललीस न्हवं? बघ की, आमच्या खुन्याचं काय नवीन आलंय का," असं त्या भर बाजारपेठेत, हळदीच्या वखारीसमोर, चार माणसांत म्हणायच्या. माणसं वळून बघायची.

पुस्तक एकच घ्यायचं, वाचणाऱ्या दोघी. जी पुढं असेल तिनं तोंड शिवून बसायचं. अर्ध्यावर आलं की स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आपापला संशयित जाहीर करायचा. चुकेल तिनं दुसरीच्या आवडीचं गोड करायचं. सगळ्यात कडक नियम एकच, शेवट कुणी सांगायचा नाही. एकदा आमच्या ह्यांनी गंमत म्हणून जेवताना पुस्तकातल्या खुन्याचं नाव फोडलं, तर आईंनी पोटच्या पोराशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या एवढंच, "तुला वाढवलं ते चुकलंच माझं."

आमच्या खुन्याला हा सगळा मुलूख पाठ. महाबळेश्वरच्या धुक्यात त्यानं हॉटेलवाले मारले, पाचगणीच्या बोर्डिंगात मास्तर मारला, खंडाळ्याजवळच्या घाटात तर किती गाड्या दरीत ढकलल्या असतील, त्याचा त्यालाच पत्ता नसेल. आम्ही एकदा घरचे सगळे महाबळेश्वरला गेलो, तर आईंनी कोपऱ्यातली खोली घेऊ दिली नाही. "त्यात गळा दाबत्यात," म्हणाल्या. मॅनेजर माझ्या तोंडाकडं बघायला लागला. मी काय सांगणार, मलाही तीच भीती वाटत होती!

आता नेमाचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्याकडं चातुर्मास सुरू होताना बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, महाराजांसमोर नेम घ्यायचा असतो. चार महिने काहीतरी सोडायचं. कुणी दही सोडतं, कुणी पालेभाजी, कुणी पायातल्या चपला. सासूबाईंनी खाण्यातलं इतकं आधीच सोडलेलं होतं की सोडायला काही उरलंच नव्हतं. एका वर्षी महाराज प्रवचनात म्हणाले, जे सोडताना जिवाला लागतं, त्यागाला तेच खरं. आई उठल्या, हात जोडले आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "महाराज, चार महिने खुनाचं पुस्तक वाचणार न्हाई, कुणी वाचलं तर ऐकणार न्हाई." महाराजांनासुद्धा हसू आवरलं नाही म्हणे. तेव्हापासून दर वर्षी तोच नेम.

आणि आमच्या खुन्याचं पुस्तक नेमकं पावसाळ्यात यायचं! आलं की ते आईंच्या कपाटात, रेशमी लुगड्याखाली, दिवाळीपर्यंत कोंडून ठेवलेलं. मला बंधन नव्हतं, पण एकटीनं वाचण्यात काय राम? मीही थांबायची. मग दिवाळीला चातुर्मास सुटला, की फराळाचं ताट मध्ये घेऊन दोघी तुटून पडायचो. माझ्या डोक्यात दिवाळी म्हणजे अजून तेच आहे, चकली तळल्याचा वास आणि तिसऱ्या प्रकरणातलं प्रेत.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नेम घेऊन झाला आणि आईंच्या पायाला सूज यायला लागली. मिरजेला दाखवलं. मूत्रपिंडं थकलीत, आणि वय नि हृदय बघता डायलिसिस झेपणार नाही, असं निघालं. ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, दिवाळी? डॉक्टर म्हणाले, "दिवाळीचं मी सांगू शकत नाही." आई तिथंच खुर्चीवर बसलेल्या. त्यांनी ऐकलं. गाडीत बसल्यावर मला हळूच म्हणाल्या, "ह्या वर्साला आमच्या खुन्याचं अजून आलं न्हाई गं." त्यांना म्हणायचं काय होतं ते मला लख्ख कळलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, डोळे पुसायलाही हात वर केला नाही.

ते आलं श्रावणात. मी पाकीट फोडलं तर कव्हरवर सुरा नाही, बंदूक नाही, एक लोणच्याची बरणी. आईंनी पलंगावरनंच बघितलं. "बरणी व्हय? विष घातलं असणार. ठेव जा लुगड्याखाली." मी ठेवलं. दिवाळी किती लांब होती!

ह्यांनी सांगून बघितलं, "आई, आजारी माणसाला सूट असते. महाराजांना विचारून येतो." आई उसळल्या, "सूट घिऊन केलेला नेम कसला? मग सगळ्याच सूट घेत्याल. तू गप बस." विषय संपला. ह्या बाईपुढं कुणाचं काही चाललं आहे का कधी?

आणि मग लोकांची बोंबाबोंब सुरू झाली.

पहिले आले शेजारचे सुभेदार. फौजेतून निवृत्त, आमच्या खुन्याचे आमच्याइतकेच वेडे. कुंपणाच्या पलीकडनंच ओरडले, "आवं वैनी, फसवलं की गड्यानं! पुस्तक संपलं, पर मुडदा कुठाय? निम्म्यापतुर म्हटलं, दम धर, आता पाडंल एखादा. कशाचं काय! एक म्हातारा हाय, त्याची बायको मेलीया, आन् त्यो सैपाक शिकतोय. झालं, खलास!" साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. ती तर तापलेलीच. "ताई, दोन पानं नुसत्या फोडणीची आहेत गं! मोहरी कधी तडतडते ते वाचायला मी त्याचं पुस्तक घेते का?" वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, एक सभासद भांडून गेला की तुमची प्रत खराब आहे, खुनाच्या पानांचा फॉर्माच बांधायचा राहिलाय, बदलून द्या. फोनवर त्याच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, तिथं कुणीतरी त्याच्या फोटोला हार घालून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली.

तो फोटो आईंनी बघितला. घाबऱ्या झाल्या. "गेला व्हय गं त्यो?"

"नाही हो आई, चेष्टा करतायत. खून लिहिला नाही म्हणून."

"लाज वाटत न्हाई?" आई उठूनच बसल्या. "इतकी वर्सं त्यानं ह्यांची करमणूक केली, आन् एक पुस्तक त्याच्या मनासारखं लिवलं तर हार घालत्यात जित्या माणसाला?" मग एकदम थांबल्या. माझ्याकडं टक लावून बघितलं. "म्हंजी... खरंच खून न्हाई त्यात?"

ज्याच्या नावानं सगळं जग शंख करत होतं, ती आमच्यासाठी सोन्यासारखी बातमी होती. खुनाचं पुस्तक वाचणार नाही, असा नेम. पण ह्यात खूनच नाही! मी उड्या मारत कपाट उघडायला गेले, तर आईंचा हात वर. "थांब. ह्या लोकांना वाचता कुठं येतंय? त्यो लय हुशार हाय. असंल कुठंतरी दडवलेला, ह्यांना दिसला नसंल."

"मग मी आधी वाचून सांगते."

"म्हंजी तुला शेवट ठावं, मला न्हाई. मग तुझं थोबाड बघूनच मला कळंल सगळं. काय उपेग?"

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं. खून होणार असं वाटलं की त्या हात वर करतील, तिथं पुस्तक मिटायचं आणि मग थेट दिवाळीनंतर. मी म्हटलं, ठीक. मनात म्हटलं, देवा, ह्या माणसानं खरंच कुणाला मारलेलं नसू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी असलं काही मागितलं असेल.

वाचायला बसलो. आता ते पुस्तक काय होतं सांगू? सुभेदार म्हणाले तेवढंच होतं. म्हातारा, रिकामं घर, बायकोनं घालून ठेवलेली लोणच्याची बरणी. रोज जेवताना तो त्यातली एकच फोड काढतो, संपू नये म्हणून. पण आईंना कुठं साधं ऐकू येतंय! म्हाताऱ्यानं सुरी घेऊन दोडका चिरायला घेतला की आईंचा हात अर्धा वर. गॅस बंद करायला विसरला, "आता भडका हुतोय बघ." दूधवाला हसला, "हसतोय कशाला मेला?" आणि त्या बरणीवर तर त्यांचा फारच राग, आमच्यात जुनं लोणचं चालत नाही. "वर्साचं लोणचं खातोय! त्यात किती जीव मेलं असतील, ते कुणी मोजतंय का? खून न्हाई म्हणत्यात." मला हसून हसून वाचता येईना. त्यांना धाप लागली की थांबायचो, घोटभर पाणी, पुन्हा सुरू. एक-दोनदा मी डोकं वर केलं तर त्या डोळे मिटून पडलेल्या, चेहरा शांत. मी वाचायचं थांबायची. मग आवाज यायचा, "पुढं वाच की. झोपले न्हाई."

घरात दुसरीकडं वेगळंच चाललं होतं. मूत्रपिंडं अशी अचानक कशी गेली, ह्याचा शोध आमच्या ह्यांनी लावला होता. गुडघ्यांसाठी आई वर्षानुवर्षं दुखणं मारायच्या गोळ्या घ्यायच्या, त्यानंच झालं म्हणाले. गावातल्या डॉक्टरशी जाऊन भांडून आले, लिहून का दिल्या म्हणून. मला विचारलं, "तू रोज एकच देत होतीस ना? नक्की?" त्या 'नक्की'नं माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी फाडकन बोलले, "वकील लावू का मी?" मग ते ओसरीवर जाऊन बसले आणि स्वतःलाच बोलायला लागले, मेडिकलमधून आणून तर मीच द्यायचो. आईंच्या पलंगावर सगळं ऐकू जायचं.

पुस्तक बरंच पुढं गेलं होतं. एका प्रकरणात शेजारची विधवा बाई म्हाताऱ्याला गव्हल्यांची खीर आणून देते. तो वाटीभर खातो, चांगली झालीय म्हणतो. प्रकरण संपलं. पुढच्याची पहिलीच ओळ, दारात रुग्णवाहिका उभी. आईंचा हात ताडकन वर. "मिटव."

"आई, अहो..."

"मिटव म्हणते न्हवं? खीर घातली तिनं. मी म्हणत नव्हते, ती बया जरा जास्तच गोड बोलतीया?"

मिटवलं. आणि ते दिवस काय सांगू! आई खचल्याच. जेवण कमी, बोलणं कमी. मला त्यांच्या उशाशी बसून ते पुढचं पान उघडून बघावंसं वाटायचं. पण बघितलं असतं आणि खून नाही म्हटलं असतं, तर म्हातारा वाचला हे कळणार. आणि काही बोलले नसते, तरी कळणारच. कसंही करा, त्यांच्या वाट्याचा शेवट मी खाल्ल्यासारखंच होणार होतं. आणि दिवाळीची वाट बघायची म्हटलं, तर ती त्यांना मिळेल याची खात्री कुणालाच नव्हती. मला त्या लेखकाचा असा राग आला! एवढी वर्षं मारलीस ना माणसं? मग ह्याच पुस्तकात कशाला रुग्णवाहिका आणायची?

सुभेदार आईंना बघायला आले. खुर्चीवर बसतात न बसतात तोच आई म्हणाल्या, "सुभेदार, देवाच्या शपथेवर सांगा. व्हय का न्हाई, एवढंच. खून हाय का त्यात?"

सुभेदारांचा राग अजून उतरला नव्हता. "मावशी, खून असता तर मी एवढा बोंबललो असतो व्हय?"

"आन् मग ती खीर?"

"ती खीर का? आवं, त्या म्हाताऱ्याला..."

"सांगू नका!" मी आणि आई एकदमच किंचाळलो. सुभेदार दचकून उभेच राहिले. फौजेत कुणी त्यांच्यावर असं ओरडलं नसेल.

तेवढं पुरलं. त्याच दुपारी पुस्तक उघडलं. म्हाताऱ्याला साखरेचा आजार, आणि तो खीर नको म्हणायला लाजला होता! आई "साखर!" म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातनं पुन्हा हसू. "म्या मेलीनं त्या गरीब बाईला फाशी दिली की गं." मी त्यांची पाठ चोळत होते. बाईच्या पाठीत नुसती हाडं उरली होती.

शेवटचं प्रकरण वाचलं तेव्हा आईंचा आवाज फार बारीक झाला होता. हे नेमके शेतावरनं आलेले, दाराला टेकून ऐकत उभे राहिले. त्यात एवढंच होतं. म्हातारा बरणीतली शेवटची फोड खातो. खार बोटानं पुसून घेतो. बरणी घासतो, उन्हात पालथी घालतो आणि दार ओढून बाजारात कैऱ्या घ्यायला जातो. मी थांबले.

"झालं?"

"झालं, आई."

"त्याच्या बायकोला कुणी मारलं नव्हतं."

"नाही."

"नुसतीच गेली व्हती ती." त्या वरच्या तुळईकडं बघायला लागल्या. मला वाटलं, त्यांचाही हिरमोड झाला, सुभेदारांसारखा. मग त्यांनी मान वळवली. "बाळा, आत ये. हितं बस."

हे पलंगाच्या कडेला बसले.

"तुझा तपास बंद कर आता. डाक्टरवर संशय, हिच्यावर संशय, सोताला तर कवाच आरोपी केलंस. गुडघं माझं दुखत व्हतं, गोळी मी मागून घेतली. त्या गोळीच्या जिवावर बस्तीत गेले, शेतात गेले, तुझी पोरं कडेवर घिऊन गावभर हिंडले. आता म्हातारी झाले, एवढंच हाय. माझ्या पुस्तकात खुनी न्हाई. शोधत बसू नकोस."

आमचे हे कधी रडत नाहीत. त्या दिवशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पोरासारखे रडले. मी पुस्तक छातीशी धरून उभी, माझीही तीच गत. आईच तेवढ्या कोरड्या. "आता काय दोघंबी रडत बसताय? दिवस मावळायला आला, सैपाक कोण करणार?"

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. नेम शेवटपर्यंत पाळूनच गेल्या.

घर माणसांनी भरलं. कर्नाटकातनं त्यांच्या धाकट्या बहीण आल्या. त्यांनी हंबरडा फोडला आणि मग पदरानं डोळे पुसत, माझ्याकडं रोखून बघत सगळ्यांसमोर विचारलं, "चांगली हिंडतीफिरती व्हती की माझी अक्का. अशी कशानं गेली? घरातल्यांचं ध्यान नव्हतं का?"

सगळी खोली माझ्याकडं वळली. मी पदराचं टोक पिळत बसले. मी, जिला गावात फटकळ म्हणतात!

हे भिंतीशी बसले होते. शांतपणे म्हणाले, "नुसतीच गेली, मावशी. कुणी काही केलं नाही." आणि उठून पाण्याचा तांब्या आणला, तो पहिला माझ्या हातात दिला.